गाण्याचा सातबारा कोणाच्या नावावर? डॉली पार्टनच्या कारकिर्दीतून कळणारा एक व्यवहार

१९९२ च्या अखेरीस व्हिटनी ह्यूस्टनने गायलेले 'आय विल ऑल्वेज लव्ह यू' हे गाणे 'बिलबोर्ड' या अमेरिकी संगीत साप्ताहिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या मुख्य यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले आणि सलग १४ आठवडे तिथेच राहिले. त्या काळात अमेरिकेतल्या रेडिओ केंद्रांवर ते किती वेळा वाजले असेल, याचा अंदाज कोणीही बांधू शकेल. मात्र ते तिथे जितक्या वेळा वाजले, तितक्या वेळा व्हिटनीच्या वाट्याला किती पैसे आले, या प्रश्नाचे उत्तर पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खोटेच वाटते, कारण ते उत्तर 'शून्य' असे आहे. मनोऱ्यावरून लहरी सोडणाऱ्या नेहमीच्या रेडिओ केंद्राने गायकाला किंवा ध्वनिमुद्रणाच्या मालक कंपनीला मोबदला दिलाच पाहिजे, अशी सक्ती अमेरिकेच्या कायद्यात नाही. केंद्राला पैसे द्यावे लागतात ते गाणे रचणाऱ्याला. हे गाणे डॉली पार्टन या कंट्री, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण दक्षिणेतून आलेले संगीत गाणाऱ्या, गायिकेने १९७३ मध्ये रचले होते, त्यामुळे गळा व्हिटनीचा असला तरी रेडिओचे पैसे टेनेसीतल्या डॉलीच्या खात्यात जमा होत होते.

डॉली पार्टनविषयी मराठीत जेव्हा काही लिहिले जाते, तेव्हा तिचे सोनेरी टोप, तिचे चमचमते कपडे आणि तिच्या नावाचे करमणूक उद्यान यांचीच चर्चा अधिक होते. तिच्या कारकिर्दीचा कणा मात्र फार कोरड्या गोष्टीत आहे, तो म्हणजे गाण्याच्या मालकीत. साठ वर्षे टिकलेली ही कारकीर्द नीट समजून घ्यायची असेल, तर आधी गाण्याची मालकी म्हणजे नेमके काय, ती कोणकोणत्या भागांत विभागली जाते आणि कोणत्या भागातून पैसा येतो, हे थोडे पाहावे लागेल. विषय किचकट आहे, पण तितकाही नाही.

गाण्याला दोन स्वतंत्र हक्क असतात. शब्द आणि चाल मिळून जी रचना तयार होते, तिचा एक हक्क असतो, आणि त्या रचनेचे कोणी स्टुडिओत जाऊन जे ध्वनिमुद्रण करतो, त्या ध्वनिमुद्रणाचा दुसरा. रचनेला जमीन म्हणावे आणि ध्वनिमुद्रणाला त्या जमिनीवर बांधलेले घर म्हणावे, म्हणजे गोष्ट चटकन ध्यानात येते. फरक एवढाच की, या जमिनीवर कितीही घरे बांधता येतात आणि एका घराची सावली दुसऱ्यावर पडत नाही. 'आय विल ऑल्वेज लव्ह यू' या जमिनीवर पहिले घर डॉलीने आरसीए या तबकड्या काढणाऱ्या कंपनीसाठी बांधले आणि ते १९७४ मध्ये बाजारात आले. दुसरे लिंडा रॉनस्टॅटने १९७५ मध्ये बांधले, तिसरे १९८२ मध्ये एका चित्रपटाच्या निमित्ताने पुन्हा डॉलीनेच, आणि सर्वांत टोलेजंग घर व्हिटनीचे. प्रत्येक घराचा मालक त्या त्या ध्वनिमुद्रणाची कंपनी. सातबारा मात्र एकच आहे, आणि त्यावरचे नाव डॉलीचे आहे.

या जमिनीतून उत्पन्न येण्याचे मुख्य मार्ग तीन. पहिला, विकल्या जाणाऱ्या प्रत्येक प्रतीमागे रचनेच्या मालकाला मिळणारी रक्कम. अमेरिकेत हा दर कायद्यानेच ठरतो. १९०९ च्या कायद्याने तो एका गाण्याला २ सेंट असा ठरवला आणि आश्चर्य म्हणजे १९७७ संपेपर्यंत तो २ सेंटच राहिला. पुढे तो हळूहळू वाढत १९९२ मध्ये सव्वासहा सेंटपर्यंत आणि २०२५ मध्ये १२.७ सेंटपर्यंत आला. दुसरा मार्ग म्हणजे रेडिओ, दूरचित्रवाणी, हॉटेल, जाहीर कार्यक्रम अशा ठिकाणी गाणे वाजल्याबद्दल मिळणारी रक्कम. ही रक्कम एकट्यादुकट्याला गोळा करता येणे शक्य नसल्यामुळे अॅस्कॅप, बीएमआय यांसारख्या संस्था रचनाकारांच्या वतीने ती वसूल करून वाटतात. तिसरा मार्ग चित्रपट किंवा जाहिरातीत गाणे वापरण्याचा, आणि तिथे कायद्याचा दर नसतो, घासाघीस चालते.

यात आणखी एक वाटणी आहे, आणि साऱ्या भानगडी तिथेच होतात. रचनेचे उत्पन्न परंपरेने दोन समान भागांत विभागले जाते. अर्धे लेखकाचे आणि अर्धे पब्लिशरचे. पब्लिशर म्हटल्यावर आपल्यापुढे पुस्तके छापणारा माणूस उभा राहतो, आणि मुळात तो तसाच होता, म्हणजे गाण्यांच्या स्वरलिपीचे कागद छापून विकणारा. ध्वनिमुद्रणाचा जमाना आल्यावर कागद मागे पडले, पण पब्लिशर राहिला, कारण गाणे गायकांपर्यंत नेणे, परवाने देणे आणि पैसे वसूल करणे ही कामे त्याच्याकडे आली. नवखा लेखक बहुधा हा अर्धा वाटा पब्लिशरला लिहून देतो. जो लेखक स्वतःच पब्लिशर होतो, त्याच्या घरात दोन्ही अर्धे येतात.

आता हा व्यवहार इतर संगीतापेक्षा कंट्री संगीताच्या मुळाशी अधिक का आहे, याला इतिहास आहे. १९२७ च्या उन्हाळ्यात टेनेसी आणि व्हर्जिनिया या दोन राज्यांच्या सीमेवर वसलेल्या ब्रिस्टल गावात राल्फ पिअर नावाचा माणूस ध्वनिमुद्रणाची यंत्रे घेऊन आला आणि कार्टर कुटुंब व जिमी रॉजर्स यांची पहिली ध्वनिमुद्रणे त्याने तिथे केली. कंट्री संगीताच्या धंद्याची सुरुवात तिथून मोजतात. या पिअरने व्हिक्टर या तबकड्यांच्या कंपनीबरोबर जो करार केला होता, तो मोठा विचारपूर्वक केलेला होता. त्याने कंपनीकडे पगार मागितला नाही. गाण्यांचे प्रकाशन हक्क आपल्याकडे राहावेत, एवढेच मागितले. कंपनीला तो सौदा स्वस्त वाटला असणार. म्हणूनच पिअर डोंगरातल्या गायकांकडे आधी कोणी नोंदवलेली नसतील अशी गाणी मागत असे, कारण ज्या जमिनीवर आधीच दुसऱ्याचे नाव आहे तिचा त्याला उपयोग नव्हता. पुढे १९४२ मध्ये गायक रॉय अॅकफ आणि गीतकार फ्रेड रोझ यांनी नॅशव्हिलमध्ये अॅकफ-रोझ ही प्रकाशन कंपनी काढली आणि ते शहर गाणी लिहिणाऱ्यांचे गाव होऊ लागले. त्याच सुमारास रेडिओ केंद्रांचे अॅस्कॅपशी भांडण जुंपले, केंद्रांनी १९३९ मध्ये बीएमआय ही स्वतःची संस्था उभी केली, आणि अॅस्कॅपने ज्यांना फारसे दारात उभे केले नव्हते अशा डोंगराळ भागातल्या गीतकारांना तिथे जागा मिळाली. डॉलीही बीएमआयचीच.

तिचा जन्म १९ जानेवारी १९४६ चा, पूर्व टेनेसीतल्या सेव्हिअर परगण्यातला, स्मोकी डोंगररांगेच्या कुशीतला. बारा भावंडांत ती चौथी. वडील रॉबर्ट ली पार्टन दुसऱ्याची जमीन अर्धलीने कसत, आणि पुढे त्यांनी स्वतःचा छोटा तुकडा करून तंबाखू पिकवला. त्यांना लिहितावाचता येत नव्हते. डॉलीच्या जन्माच्या वेळी आलेल्या डॉक्टरांना द्यायला घरात रोकड नव्हती म्हणून मक्याच्या पिठाचे पोते दिले गेले, ही गोष्ट तिने स्वतः अनेकदा सांगितली आहे. कारकिर्दीच्या व्यवहाराबद्दल बोलताना हे सांगण्याचे कारण एवढेच की, अर्धलीने जमीन कसणे म्हणजे काय, राबायचे कोणी आणि पोती कोणाच्या घरी जायची, हे जिने लहानपणी चुलीशेजारी बसून पाहिले, तिला 'अर्धा वाटा' या शब्दांचा अर्थ वकिलाकडून समजून घेण्याची गरज नव्हती. हा माझा तर्क आहे, तिचे विधान नव्हे. पण पुढच्या घटना पाहिल्या की तो मला पटतो.

दहाव्या वर्षी ती नॉक्सव्हिलमध्ये कॅस वॉकर नावाच्या किराणा व्यापाऱ्याच्या रेडिओ आणि दूरचित्रवाणी कार्यक्रमांत गाऊ लागली. तेराव्या वर्षी लुइझियानातल्या एका लहान कंपनीने तिची पहिली तबकडी काढली. या सगळ्या धावपळीत तिच्याबरोबर असायचा तो तिचा मामा बिल ओवेन्स, जो स्वतःही गाणी लिहीत असे. १९६४ मध्ये ती शाळेची शेवटची परीक्षा उत्तीर्ण झाली आणि दुसऱ्याच दिवशी बस पकडून नॅशव्हिलला गेली. तिथे पोहोचल्यावर कपडे धुण्यासाठी ती एका लाँड्रीत गेली असता बाहेर कार्ल डीन हा तरुण भेटला, ज्याच्याशी तिने १९६६ मध्ये लग्न केले आणि ज्याच्याबरोबर तिने २०२५ मध्ये त्याचे निधन होईपर्यंत संसार केला.

नॅशव्हिलमध्ये तिची ओळख आधी गीतकार म्हणून झाली, गायिका म्हणून नव्हे. तिचा आवाज बारीक आणि कंपनयुक्त, लहान मुलीसारखा. कंट्री गाण्यात तो चालणार नाही असे मॉन्युमेंट या तिच्या पहिल्या कंपनीला वाटत होते आणि ते तिच्याकडून पॉप धाटणीची गाणी गाऊन घेत होते. दरम्यान मामा-भाचीने मिळून लिहिलेले 'पुट इट ऑफ अंटिल टुमॉरो' हे गाणे बिल फिलिप्सने १९६६ मध्ये गायले आणि ते कंट्री यादीत पहिल्या दहांत गेले. तेव्हा कंपनीने तिला कंट्री गाऊ दिले. त्याच वर्षी या दोघांनी 'ओव्ह-पार' नावाची स्वतःची प्रकाशन कंपनी नोंदवली. ओवेन्समधले 'ओव्ह' आणि पार्टनमधले 'पार'. वीस वर्षांची मुलगी, एखाद-दुसरे गाणे चाललेले, आणि सर्वांत आधी केलेले काम म्हणजे जमीन नावावर करून घेण्याची सोय.

हे किती वेगळे होते ते कळण्यासाठी त्याच शहरात तिच्या थोडे आधी आलेल्या विली नेल्सनकडे पाहावे. टेक्सासमध्ये असताना घरभाडे आणि पोटापाण्याच्या ओढगस्तीत त्याने 'फॅमिली बायबल' हे गाणे ५० डॉलरला आणि 'नाइट लाइफ' १५० डॉलरला विकून टाकले. विकले म्हणजे सातबाराच दुसऱ्याच्या नावे करून दिला. 'फॅमिली बायबल' १९६० मध्ये क्लॉड ग्रेच्या आवाजात गाजले, तेव्हा त्यावर लेखक म्हणून विलीचे नावही नव्हते. नॅशव्हिलला आल्यावर हँक कॉक्रन या गीतकाराच्या खटपटीने त्याला पँपर म्युझिक या प्रकाशन कंपनीत आठवड्याला ५० डॉलरची नोकरी मिळाली. तिथेही 'हॅलो वॉल्स' हे गाणे त्याने फॅरन यंगला ५०० डॉलरला देऊ केले होते. फॅरन यंग हा भला माणूस निघाला. गाणे विकू नकोस, असे सांगून त्याने ५०० डॉलर उसने दिले आणि १९६१ मध्ये ते गाणे गाऊन पहिल्या क्रमांकावर नेले. त्याच वर्षी पॅट्सी क्लाइनने त्याचे 'क्रेझी' गायले. विली पुढे फार मोठा झाला, पण सुरुवातीची ती दोन गाणी दुसऱ्यांच्या कंपूत गेली ती गेलीच.

अशा गाणी लिहिणाऱ्यांचा मोहल्ला म्हणजे नॅशव्हिलचे म्युझिक रो, सोळाव्या आणि सतराव्या अॅव्हेन्यूवरची जुनी राहती घरे, ज्यांत प्रकाशन कंपन्या आणि स्टुडिओ थाटले गेले. तिथला दिनक्रम असा की, दोघे-तिघे गीतकार सकाळी दहा वाजता एका खोलीत गिटार घेऊन बसतात आणि दुपारपर्यंत गाणे पुरे करतात. त्याचा कच्चा 'डेमो' होतो. 'प्लगर' म्हणजे कंपनीचा फिरता विक्रेता तो घेऊन निर्मात्यांच्या दारोदार जातो. एखाद्याला आवडले तर तो ते 'होल्ड'वर ठेवतो, म्हणजे तोवर दुसऱ्याला द्यायचे नाही. आणि गायकाने खरोखर ध्वनिमुद्रित केले तर 'कट' मिळाला असे म्हणतात. होल्डवर महिनोनमहिने पडून शेवटी परत आलेल्या गाण्यांची संख्या कटपेक्षा कितीतरी जास्त असते.

१९६७ मध्ये पोर्टर वॅगनर या त्या वेळच्या बड्या गायकाने आपल्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात डॉलीला घेतले. तिच्या आधी तिथे नॉर्मा जीन गात असे आणि ती लोकांची लाडकी होती, त्यामुळे सुरुवातीला डॉली मंचावर आली की प्रेक्षक नॉर्मा जीनच्या नावाने ओरडत. पोर्टरने तिला आरसीए कंपनीत आणले. त्या काळातली एक खूण आजही दाखवतात. आरसीएच्या 'स्टुडिओ बी'मध्ये ध्वनिमुद्रणाला उशीर होतोय म्हणून घाईने आलेल्या डॉलीने गाडी थेट इमारतीच्या भिंतीवर घातली. भिंतीवरचा तो ओरखडा तसाच राखून ठेवला आहे.

पोर्टरच्या बसमधून गावोगाव फिरतानाच तिने आपली सर्वांत खासगी गाणी लिहिली. 'कोट ऑफ मेनी कलर्स' हे गाणे सुचले तेव्हा जवळ कागद नव्हता, म्हणून पोर्टरच्या धुलाईला दिलेल्या सुटांना लावलेल्या पावत्यांच्या मागे तिने ते उतरवले. चिंध्या जोडून आईने शिवलेला कोट, तो घालून मिरवत शाळेत गेलेली मुलगी आणि तिला हसलेली मुले, एवढाच त्याचा विषय. त्यात दारिद्र्याचे वर्णन जवळजवळ नाही, कोटाचे आहे. 'जोलीन' हे १९७३ चे गाणे आणखी काटकसरीने बांधलेले आहे. आपल्या नवऱ्याला हिरावून घेऊ नकोस, अशी दुसऱ्या स्त्रीला केलेली विनवणी आणि त्या स्त्रीचे नाव लागोपाठ चार वेळा, चढत्या सुरात. तिच्याविषयी राग नाही, उलट तिच्या रूपाचे वर्णन तोंड भरून केलेले आहे, आणि म्हणूनच ऐकणारा गुंततो. ते नाव डॉलीने सही मागायला आलेल्या एका लहान मुलीकडून उचलले आणि प्रसंग बँकेतल्या एका तांबूस केसांच्या कारकुनीणबाईवरून, जी कार्लकडे जरा जास्तच लक्ष देत असे. अशी गाणी टिकतात आणि दुसऱ्यांना गावीशी वाटतात, कारण त्यांत सुरांची गुंतागुंत कमी आणि माणसाची जागा भरपूर असते.

१९७३ मध्ये तिने पोर्टरपासून वेगळे व्हायचे ठरवले. तो ऐकेना. शेवटी जे बोलून पटत नव्हते ते तिने गाण्यात सांगितले, आणि ते गाणे म्हणजे 'आय विल ऑल्वेज लव्ह यू'. जगभर ज्या गाण्याला प्रेयसीने प्रियकराचा घेतलेला निरोप समजतात, ते खरे तर नोकरी सोडणाऱ्या स्त्रीने मालकाला दिलेले निरोपाचे पत्र आहे. ते कंट्री यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. निरोप गोड झाला तरी हिशेब गोड झाला नाही. दोघांचे व्यवहार एकमेकांत गुंतलेले होते, आणि १९७९ मध्ये पोर्टरने तिच्यावर ३० लाख डॉलरचा दावा लावला, जो पुढे न्यायालयाबाहेर मिटला.

याच गाण्यावर एल्विस प्रेस्लीची नजर गेली. एल्विस आपले गाणे गाणार म्हणून डॉली हरखून गेली होती. ध्वनिमुद्रणाच्या आदल्या दिवशी त्याचा व्यवस्थापक कर्नल टॉम पार्कर याचा निरोप आला की, एल्विस जे गाणे गातो त्याच्या प्रकाशन हक्काचा अर्धा वाटा आम्हाला मिळतो, ही आमची रीत आहे. डॉलीने नकार दिला आणि एल्विसने ते गाणे गायले नाही. त्या रात्री आपण रडून काढली, असे तिने नंतर वारंवार सांगितले आहे.

हा प्रसंग बहुतेक ठिकाणी बाणेदारपणाची कथा म्हणून सांगतात आणि पुढे जातात, पण त्यातला व्यवहार पाहण्यासारखा आहे. पहिली गोष्ट, कायद्याने एल्विसला डॉलीच्या परवानगीची गरजच नव्हती. अमेरिकेत एकदा एखादे गाणे ध्वनिमुद्रित होऊन बाजारात आले की, दुसरा कोणीही ठरलेला दर भरून ते पुन्हा गाऊ शकतो. मालक अडवू शकत नाही. म्हणजे पार्करच्या हातात कायद्याचे शस्त्र नव्हते, रिवाजाचे होते. वाटा दिला नाहीत तर आमचा माणूस गाणार नाही, एवढेच तो म्हणू शकत होता, आणि ते पुरत असे, कारण एल्विसच्या तबकड्या लाखांनी खपत.

दुसरी गोष्ट आकड्यांची. तेव्हा एका प्रतीमागे २ सेंट मिळत. त्यातला १ सेंट लेखकाचा, १ सेंट पब्लिशरचा. पब्लिशरच्या वाट्याचा निम्मा म्हणजे अर्धा सेंट. एल्विसच्या दहा लाख प्रती खपल्या असत्या तर पार्करच्या बाजूला ५,००० डॉलर गेले असते आणि उरलेले १५,००० डॉलर डॉलीच्या बाजूला आले असते. नुसते या तबकडीपुरते पाहिले तर डॉलीचा नकार तोट्याचाच होता, कारण पाऊण हिस्सा पंधरा हजारांचा आणि नकाराचा हिस्सा शून्याचा. म्हणून त्या काळातल्या ज्या गीतकारांनी अशा अटी मान्य केल्या, त्यांना भाबडे म्हणता येणार नाही. खरी मेख अशी की, मागणी एल्विसच्या तबकडीपुरती नव्हती. प्रकाशन हक्कात वाटा दिला की तो जमिनीत दिलेला वाटा ठरतो, आणि पुढे त्या जमिनीवर जे जे घर उभे राहील, त्या प्रत्येकाच्या भाड्यातला चौथा हिस्सा कायम दुसरीकडे जातो.

ते घर अठरा वर्षांनी उभे राहिले. 'द बॉडीगार्ड' या चित्रपटासाठी नायक केव्हिन कॉस्टनरने हे गाणे सुचवले. संगीत निर्माता डेव्हिड फॉस्टर लिंडा रॉनस्टॅटची तबकडी ऐकून काम करत होता आणि तिच्या आवृत्तीत शेवटचे कडवे गाळलेले होते. ही गोष्ट डॉलीला कळली तेव्हा तिने फोनवर ते कडवे सांगितले. या चित्रपटाच्या गीतसंग्रहाच्या एकट्या अमेरिकेत दीड कोटीहून अधिक प्रती खपल्या. १९९२ च्या सव्वासहा सेंटांच्या दराने ढोबळ हिशेब केला, तर दीड कोटी प्रतींचे सव्वानऊ लाख डॉलरहून अधिक होतात. हे फक्त एका देशातले आणि फक्त प्रतींचे. स्वतंत्रपणे विकलेली तबकडी, रेडिओ, परदेश आणि नंतरची तीस वर्षे वेगळी.

याचा अर्थ डॉलीचे सगळे यश तिच्याच गाण्यांवर उभे आहे असा नव्हे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिने लॉस एंजलिसमधले नवे व्यवस्थापक घेतले आणि पॉपच्या बाजाराकडे मोहरा वळवला, तेव्हा नॅशव्हिलमध्ये बरीच नाके मुरडली गेली. त्या वळणावरचे १९७७ चे मोठे गाणे 'हिअर यू कम अगेन' हे बॅरी मान आणि सिंथिया वाइल या न्यूयॉर्कच्या जोडीने लिहिलेले होते. आपण कंट्री सोडली असे लोकांना वाटू नये म्हणून तिने त्यात कंट्रीची ओळख असलेली स्टील गिटार आग्रहाने घालायला लावली. केनी रॉजर्सबरोबरचे १९८३ चे 'आयलंड्स इन द स्ट्रीम' बी जीज या भावांचे. अशा गाण्यांत तिला मिळतो तो फक्त गायिकेचा वाटा, आणि हा वाटा मोठा लबाड असतो. कंपनी आधी दिलेली उचल आणि स्टुडिओचा खर्च त्यातून वळता करून घेते, आणि मग काही उरले तर गायकाच्या हाती पडते. ऊसतोडीच्या उचलीचा हिशेब ज्याला ठाऊक आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

दोन्ही वाटे एकत्र आले ते 'नाइन टू फाइव्ह'मध्ये. १९८० च्या या चित्रपटात ती जेन फोंडा आणि लिली टॉमलिन यांच्याबरोबर कचेरीतल्या पिचलेल्या बायकांपैकी एक झाली होती. चित्रीकरणाच्या वेळी रिकामे बसले असता आपली लांब कृत्रिम नखे एकमेकांवर घासली की टंकलेखन यंत्रासारखा आवाज येतो, हे तिच्या लक्षात आले आणि त्या ठेक्यावरच तिने शीर्षकगीत रचले. ध्वनिमुद्रणातही ती नखे वाजली, आणि तबकडीच्या श्रेयनामावलीत त्यांची नोंदही आहे. हे गाणे १९८१ च्या फेब्रुवारीत बिलबोर्डच्या मुख्य यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. ते तिने लिहिलेही आणि गायलेही.

१९८६ हे वर्ष विचित्र होते. जवळजवळ वीस वर्षांच्या संबंधानंतर आरसीएने तिचा करार वाढवला नाही, आणि त्याच वर्षी पिजन फोर्ज गावातल्या एका जुन्या करमणूक उद्यानात भागीदारी करून तिने त्याचे 'डॉलीवूड' केले. उद्यानाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, तेव्हा इथे एवढेच की त्यामुळे तिच्या परगण्यातल्या हजारोंना रोजगार मिळाला. निरक्षर वडिलांच्या आठवणीने १९९५ मध्ये सुरू केलेला बालवाचनालयाचा उपक्रम, ज्यात जन्मापासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना दरमहा एक पुस्तक टपालाने घरी येते, तोही त्याच परगण्यातून पसरला.

१९९० च्या दशकात कंट्री रेडिओने नव्या पिढीकडे तोंड फिरवले आणि पन्नाशीकडे झुकलेल्या गायकांची नवी गाणी वाजेनाशी झाली. डॉली तेव्हा लहानपणीच्या ब्लूग्रासकडे, बँजो आणि फिडलच्या डोंगरी संगीताकडे वळली आणि १९९९ चा 'द ग्रास इज ब्लू' एका छोट्या कंपनीतर्फे काढला, ज्याला ग्रॅमी मिळाले. मला तिचे हेच काम सर्वांत आवडते, कारण रेडिओवर वाजायचेच नाही हे ठरलेले असल्यामुळे त्यात कोणाची मनधरणी नाही. हे तिला परवडले, याचे एक कारण जुन्या जमिनीचे भाडे नियमित येत होते.

घरे मात्र तिची नव्हती, हेही सांगितले पाहिजे. 'जोलीन'ची, 'कोट'ची आणि निरोपाच्या गाण्याची मूळ ध्वनिमुद्रणे आरसीएची होती आणि आरसीए आज सोनीकडे आहे. गंमत म्हणजे व्हिटनीची अरिस्टा कंपनीही सोनीतच विलीन झाली, त्यामुळे एकाच जमिनीवरची दोन मोठी घरे आता एकाच घरमालकाकडे आहेत. इंटरनेटवरील आणि उपग्रहाद्वारे चालणाऱ्या रेडिओला १९९५ च्या कायद्यानंतर ध्वनिमुद्रणाचाही मोबदला द्यावा लागतो, म्हणून तिथे व्हिटनीचा आवाज वाजला की तिच्या वारसांना पैसे मिळतात. साध्या रेडिओवर अजूनही नाही. डॉलीने २००७ मध्ये 'डॉली रेकॉर्ड्स' काढली, तेव्हा कुठे नवीन घरेही तिच्या नावावर होऊ लागली.

अलीकडे उलटी लाट आली आहे. बॉब डिलनने २०२० च्या डिसेंबरमध्ये आपल्या गाण्यांचे हक्क युनिव्हर्सल कंपनीला विकले आणि त्याच्या मागोमाग अनेक ज्येष्ठ गायक-गीतकारांनी तेच केले. वय झालेल्या माणसाला वर्षावर्षाने येणाऱ्या भाड्यापेक्षा एकरकमी पैसा सोयीचा वाटतो, वारसांमध्ये वाटणीही सोपी होते. विलीने ५० डॉलरला केलेली विक्री आणि ही विक्री यांत कायद्याच्या दृष्टीने फारसा फरक नाही. फरक आहे तो विकणाऱ्याच्या घरात त्या दिवशी पीठ होते की नाही याचा.

२०२४ मध्ये बियॉन्सेने आपल्या 'काउबॉय कार्टर' या अल्बमसाठी 'जोलीन' गायले आणि त्याचे शब्द बदलले. तिची जोलीन विनवणी ऐकत नाही, तिला तंबी मिळते. ठरलेला दर भरून दुसऱ्याचे गाणे गाण्याची जी मुभा कायदा देतो, ती गाणे आहे तसे गाण्यापुरती असते. चालीला आपला साज चढवता येतो, पण रचनेचे मूळ रूप बदलायचे असेल तर मालकाला विचारावेच लागते. त्या अल्बममध्ये 'जोलीन' सुरू होण्याआधी एक छोटे निवेदन ऐकू येते. त्यात बोलणारा आवाज डॉलीचा आहे.